काठावरची आई

मागच्या उन्हाळ्यात मी मुलाला मारले. मामेभावांबरोबर तो मला न सांगता विहिरीवर गेला होता. पाण्यात उतरलाही नव्हता, नुसता पायऱ्यांवर बसला होता. तरी दोन फटके बसलेच. आणि त्याच रविवारी घरात 'श्यामची आई' लावण्याची बुद्धी मलाच झाली!

आम्ही कारेगावला राहतो. ह्यांची रांजणगाव एमआयडीसीत दुसरी पाळी असली की संध्याकाळ आम्हा दोघांचीच. मुलगा चौथीत. पुस्तक वाचायचा कंटाळा, म्हणून म्हटले, निदान सिनेमा तरी बघू. आधी त्याने 'फास्टर फेणे' मागितला. पण २०१७च्या त्या सिनेमातला फेणे चांगला मोठा तरुण. भा. रा. भागवतांच्या पुस्तकातला आपला फुरसुंगीचा पोरगा त्याला तिथे कुठे भेटणार? सुजय डहाकेंचा २०२३चा 'श्यामची आई'ही आहे. पण मी आचार्य अत्र्यांचा १९५३चा लावला. मी लहानपणी पाहिलेला तोच.

साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिले. सिनेमा आला तेव्हा गुरुजी जाऊन जवळजवळ तीन वर्षे झाली होती. १९५४ साली त्याला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. मुलाला यातले काही सांगायला गेले, तर म्हणाला, "आई, बघू दे ना!"

छडीचे ते प्रसिद्ध गाणे लागले तेव्हा त्याने तिरक्या नजरेने माझ्याकडे पाहिले. २००९च्या कायद्याने शाळेतली छडी बंद केली. घरातलीचे काय, असेच जणू विचारत होता. मी वाटाण्याच्या शेंगा सोलत राहिले.

मग पोहण्याचा प्रसंग. श्याम पाण्याला भितो, लपून बसतो. मुलाला कुणी भित्रा म्हणू नये म्हणून आई त्याला चोपून विहिरीवर पाठवते. मुलगा ताडकन उठून बसला.

"त्याला जात नाही म्हणून मारलं. मला गेलो म्हणून. असं कसं?"

लहानपणी हा प्रसंग मी श्यामच्या बाजूने पाहिला होता. वनमालाबाईंची ती आई मला तेव्हा कडक वाटली होती, पण तिचे कधी चुकेल असे वाटले नव्हते. आता वाटले, हिला स्वतःला पोहता येत असेल का? पोराला पाठवल्यावर ते परत येईपर्यंत हिने घरात काय केले असेल?

पुस्तकात एकेका रात्री एकेक आठवण, अशा बेचाळीस रात्री आहेत. ऐकणाऱ्याला विचार करायला मध्ये अख्खा दिवस मिळतो. सिनेमा थांबत नाही. पुढचा प्रसंग लगेच येऊन उभा राहतो. घरी पाहण्याची सोय एवढीच की बटण दाबता येते. मी ते दाबले.

त्याला खरे ते सांगितले. मला पोहता येत नाही. आमच्या लहानपणी भाऊ पाठीला डबा बांधून शिकले. आम्ही मुली काठावर धुणी धुवत होतो. आता गावोगाव शेततळी झाली. त्यातल्या प्लास्टिकच्या कागदावर पाय ठरत नाही, पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. कुणाचे पोर बुडाल्याची बातमी आली की मला रात्री झोप लागत नाही. आणि मारले ते चुकलेच.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे तू भित्री आहेस?"

"आहे."

"मग तूपण शीक की."

उरलेला सिनेमा आम्ही दुसऱ्या दिवशी पाहिला. शेवटी तो रडला. मीही रडले, पण माझे निम्मे रडणे वेगळ्याच गोष्टीचे होते.

त्यानंतरच्या रविवारी मामाला फोन केला. म्हटले, दादा, डबा आणि नवा दोर काढून ठेव, जुना नको. विहिरीवर मीही येणार. दादा हसला, "तुला कशाला? काठावर बसून आरडाओरडा करशील."

म्हटले, काठावर नाही. शेवटच्या पायरीवर बसेन.