श्वित्र, शिबे आणि कुष्ठ : परिभाषेतील एक संकर

अंगावरील पांढऱ्या डागांस मराठीत 'कोड' म्हणतात. ग्रांथिक भाषेत त्यासच 'श्वेतकुष्ठ' हे नाव रूढ आहे. ह्या दुसऱ्या नावामुळे एका निरुपद्रवी विकारास कुष्ठरोगाची भीती कायमची चिकटली. त्वग्रोगांच्या परिभाषेत शब्दांची निवड किती काळजीपूर्वक करावी लागते, हे ह्या एका उदाहरणावरून स्पष्ट होते.

ह्या संकराचे मूळ 'कुष्ठ' शब्दाच्या प्राचीन व्याप्तीत आहे. चरकसंहितेत कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितले असून त्यांपैकी सात महाकुष्ठे व अकरा क्षुद्रकुष्ठे होत. दद्रू, पामा, विचर्चिका हे आज स्वतंत्र मानले जाणारे त्वग्विकार त्यांतच येतात. अर्थात तेथे 'कुष्ठ' हे एका रोगाचे नाव नसून एका वर्गाचे नाव आहे. ह्या वर्गाच्या पोटविभागांविषयीही एकमत नव्हते : सिध्म चरकाच्या मते महाकुष्ठ, तर सुश्रुताच्या मते क्षुद्रकुष्ठ, दद्रूची स्थिती नेमकी उलट. श्वित्र अथवा किलास, म्हणजे कोड, ह्याचा विचार कुष्ठाच्या सान्निध्यातच झाला. तथापि ते केवळ त्वचेपुरते मर्यादित असते व त्यातून स्राव होत नाही, हा भेद सुश्रुताने आवर्जून नोंदविला आहे. पुढे 'कुष्ठ' हा शब्द एकाच रोगापुरता संकुचित झाला. 'श्वेतकुष्ठ' मात्र जुन्या व्यापक अर्थाचा अवशेष म्हणून भाषेत राहिले. शब्दाचा अर्थ बदलला, परंतु समास बदलला नाही.

असा संकर केवळ भारतीय परिभाषेतच झाला असे नाही. ग्रीक भाषेतील 'लेप्रा' हा शब्द मूळचा खवल्यांच्या विकारांचा वाचक होता. रॉबर्ट विलन ह्या इंग्लिश वैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी डाग, पुटकुळी, फोड, खवले अशा दृश्य लक्षणांवरून त्वग्रोगांचे वर्गीकरण केले, तेव्हाही आज सोरायसिस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विकाराच्या एका रूपास त्याने 'लेप्रा' हेच नाव दिले. व्हिएन्ना येथील हेब्रा ह्याने १८४१ मध्ये हा घोटाळा दूर केला. पुढे १८७३ मध्ये नॉर्वेतील हान्सेन ह्याने कुष्ठरोगाचा जंतू शोधून काढला आणि लक्षणाऐवजी कारणावरून ह्या रोगाची निश्चिती करणे शक्य झाले.

कारणांचा विचार केला असता फिकट डागांचे तीन विकार एकमेकांपासून अगदी दूरचे ठरतात. कोडामध्ये त्वचेस रंग देणाऱ्या पेशी नष्ट होतात. शरीराची प्रतिकारयंत्रणाच त्यांवर उलटते. हे डाग दुधासारखे पांढरे असतात, त्यांची संवेदना शाबूत असते आणि ते संसर्गाने पसरत नाहीत. शिबे हा त्वचेवर एरवीही वसणाऱ्या एका कवकाचा उपद्रव होय. हे डाग खरवडले असता बारीक कोंडा निघतो. कुष्ठाचा डाग फिकट वा तांबूस असतो, परंतु पूर्ण पांढरा होत नाही. जंतू मज्जातंतूंवर आघात करीत असल्यामुळे तेथील संवेदना मंद होते किंवा नाहीशी होते. म्हणजे ज्या शुभ्रतेवरून 'श्वेतकुष्ठ' हे नाव पडले, ती शुभ्रताच कुष्ठरोगाच्या विरोधी साक्ष देते.

ह्या नामसंकराची हानी दुहेरी आहे. कोड असलेल्या व्यक्तीस, विशेषतः विवाहाच्या प्रसंगी, नसलेल्या रोगाचा कलंक सोसावा लागतो. दुसरीकडे, कुष्ठ म्हणजे पांढरा डाग अशी समजूत झाल्यामुळे बधिर परंतु जेमतेम फिकट डागाकडे दुर्लक्ष होते, उपचारास विलंब होतो आणि टाळता येण्याजोगे व्यंग कायमचे होते. वस्तुतः जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये शिफारस केलेल्या बहुऔषधोपचाराने कुष्ठरोग पूर्ण बरा होतो. हिंदू विवाह अधिनियमात १९५५ पासून असलेले कुष्ठरोगाचे घटस्फोट-कारणही २०१९ च्या दुरुस्तीने वगळण्यात आले. कायद्याने सोडलेले भय शब्दांनी जतन करावे, हे उचित नव्हे.

मराठीत कुष्ठरोगास 'महारोग' आणि 'रक्तपिती' अशीही नावे आहेत. त्यांपैकी पहिले भयसूचक आहे. दुसरे आयुर्वेदातील 'रक्तपित्त' ह्या रक्तस्रावाच्या विकाराशी गोंधळ उत्पन्न करते. शास्त्रीय लेखनात 'कुष्ठरोग' हा शब्द जंतुजन्य रोगापुरताच राखून ठेवावा; पांढऱ्या डागांस 'कोड' किंवा 'श्वित्र' म्हणावे; कवकजन्य डागांस 'शिबे' हा लोकभाषेतील शब्द पुरेसा आहे. 'श्वेतकुष्ठ' हा समास मात्र परिभाषेतून वगळणेच इष्ट होय. नवे शब्द घडविण्याइतकेच जुने शब्द योग्य वेळी निवृत्त करणे, हेही परिभाषाकाराचे कर्तव्य आहे.