एमडीची तलफ

खडकवासल्याच्या चौपाटीवर कणसं खात बसलेल्या एखाद्या कुटुंबातही अमली पदार्थाच्या व्यसनाचं दुखणं लपलेलं असू शकतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या कारखान्यापर्यंत माग काढून शेकडो किलो मेफेड्रोन, म्हणजे एमडी, पकडलं. हे रसायन मेंदूत डोपामाइनचा पूर आणतं. तो ओसरला की उदासी, निद्रानाश, संशय, आणि पुन्हा तीच तलफ. सुरुवात बहुधा मित्राच्या आग्रहानं होते, कधी एकटेपणातून. व्यसन हा आजार आहे, हे डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली येरवड्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू करून पुण्याला दाखवलं. म्हणून मुलगा रात्रभर जागतो, घरातले पैसे नाहीसे होतात असं दिसलं, तर हात उगारू नका. शेजारी बसा, विचारा. १४४४६ या सरकारी हेल्पलाइनवर फोन करायला पैसे पडत नाहीत.