झांबेझीच्या तीरावरील मुक्काम

आफ्रिकेतील अरण्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम सिंह उभा राहतो. परंतु झांबेझी नदीतून होडीने जाणाऱ्या प्रवाशाला वाटाड्या पहिल्या दिवशी ज्याच्याविषयी बजावून सांगतो, तो सिंह नव्हे. गवतावर जगणारा पाणघोडा होय. त्याची दिनचर्या ज्याला कळली, त्याला हा प्रवास निम्मा कळला.

झांबेझी सुमारे २,६०० किलोमीटर वाहत जाऊन मोझांबिकमध्ये हिंदी महासागरास मिळते. (या मोझांबिकचा कारभार १७५२ सालापर्यंत गोव्याहून चाले, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.) वाटेत ती झांबिया व झिंबाब्वे या देशांची सरहद्द बनते. तेथे झिंबाब्वेच्या तीरावर माना पूल्स हे राष्ट्रीय उद्यान आहे. शोना भाषेत ‘माना’ म्हणजे चार; नदीने पात्र बदलताना मागे ठेवलेल्या चार मोठ्या डोहांवरून हे नाव पडले. १९८४ साली युनेस्कोने या प्रदेशाचा जागतिक वारशात समावेश केला. मे ते ऑक्टोबर हे तेथील कोरडे महिने. रानातील पाणवठे आटू लागले की हत्ती, रानरेडे, हरणे नदीकडे लोटतात, आणि त्यांच्यामागून प्रवासीही.

पाणघोड्याचे शरीर दीड-दोन टनांचे. कातडी मात्र उन्हात लवकर सुकून भेगाळणारी. म्हणून तो दिवस पाण्यात काढतो आणि अंधार पडला की चरावयास काठावर येतो. एका रात्रीत तो चाळीस किलोंच्या आसपास गवत फस्त करतो. भय वाटताच तो खोल पाण्याकडे धावतो, आणि सारी मेख येथेच आहे. होडी खोल धारेत असेल तर ती नेमकी त्याच्या आसऱ्यावर येते. यास्तव वाटाडे काठालगतच्या उथळ पाण्यातून होडी नेतात. पण तो काठावर उभा दिसला, तर मात्र दूर सरून त्याची पाण्याकडची वाट मोकळी ठेवतात. बुडी मारलेला पाणघोडा पाचएक मिनिटांत श्वास घेण्यास वर येतो. म्हणून होडीच्या कडेवर वल्ह्याने ठकठक करून थांबावयाचे, आणि डोकी वर आली की ती मोजावयाची. हा खेळ कंटाळवाणा वाटेल, पण त्यावर प्राण अवलंबून असतात.

सायंकाळी तंबू ठोकण्यापूर्वी जमीन वाचावी लागते. पाणघोड्यांच्या नित्याच्या येण्याजाण्याने काठावर दोन समांतर चाकोऱ्या आणि मध्ये गवताची पट्टी अशी वाट पडते. बैलगाडीच्या रस्त्याची आठवण व्हावी अशी! त्या वाटेवर तंबू ठोकणे म्हणजे रात्री घरी परतणाऱ्याच्या दारात खाट टाकण्यासारखे आहे. पाणी काठावर वाकून भरावयाचे नाही, कारण मगर तेथेच टपून असते. संत्री-मोसंबी तर उद्यानात नेण्यासच मनाई आहे. त्यांच्या वासाने हत्ती थेट तंबूपर्यंत येतात. तंबूचे दार बंद करून आत निजावे. उरलेले अन्न आणि पादत्राणेदेखील बाहेर ठेवू नयेत, तरस ती पळवितात.

या उद्यानाच्या वरच्या अंगास करिबा धरण आहे. १९५८ च्या डिसेंबरात तेथे पाणी अडविल्यापासून पूर्वीसारखे वार्षिक पूर खाली येत नाहीत, आणि गाळही तलावातच अडून राहतो. ज्या पुरांनी हे डोह व वाळूचे बेट घडविले, ते पूर आता माणसाच्या दरवाजांच्या हुकमतीत आहेत. पाणघोडे मात्र रोज रात्री त्याच जुन्या चाकोऱ्यांनी वर चढतात. निजलेल्या प्रवाशाला तंबूच्या कापडापलीकडे गवत उपटल्याचा करकर आवाज ऐकू येतो.