बुद्धिबळाच्या खेळीची नोंद आणि मराठी

नाशिक शहरातील बालगटाच्या एखाद्या बुद्धिबळ स्पर्धेत दीर्घ वेळेचे डाव चालू असताना प्रत्येक मुलापुढे तीन वस्तू असतात: पट, घड्याळ आणि नोंदपत्रिका. पहिल्या दोन वस्तूंकडे पालकांचे व प्रेक्षकांचे लक्ष असते. तिसरीकडे सहसा कोणी पाहत नाही. तथापि भाषेच्या अभ्यासकाला या तिघींपैकी नोंदपत्रिकाच अधिक विचारास लावील. घरी आजोबांकडून ‘घोडा अडीच घरे’ असे शिकलेला नऊ वर्षांचा मुलगा त्या कागदावर घोड्यासाठी इंग्रजी ‘एन’ हे अक्षर लिहितो. हत्तीसाठी तो ‘आर’ लिहितो, वजिरासाठी ‘क्यू’. बोलण्यातली नावे एक आणि लिहिण्यातली दुसरी, असा हा दुभंग आहे. हा दुभंग खेळाच्या नियमांनी लादलेला आहे, असा सार्वत्रिक समज आढळतो. वस्तुतः तसे नाही. नियम काय सांगतात, नोंदपद्धतीची रचना कशी आहे आणि मराठीला तिच्यात कितपत स्थान मिळू शकते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम या कागदाचे महत्त्व ध्यानात घेतले पाहिजे. जिल्ह्यापासून आंतरराष्ट्रीय पातळीपर्यंतच्या बहुतेक खुल्या स्पर्धा स्विस पद्धतीने होतात. तीत पराभूत खेळाडू बाद होत नाही. प्रत्येक फेरीत शक्यतो समान गुणांच्या खेळाडूंची गाठ घातली जाते. त्यामुळे पहिला डाव हरलेले मूलही सर्व फेऱ्या खेळते आणि फेऱ्यांइतकेच डाव लिहून घरी नेते. जिंकलेल्या करंडकापेक्षा हे कागद त्याच्या पुढील वाढीस अधिक उपयोगी पडतात, कारण चूक कोठे झाली हे त्यांच्यावाचून सांगता येत नाही. जिल्हा, राज्य, राष्ट्र आणि जग अशी ही शिडी आहे. देशातील गट सात, नऊ, अकरा, तेरा अशा विषम वयांखालील, तर जागतिक कुमार स्पर्धांतील गट आठ, दहा, बारा, चौदा अशा सम वयांखालील असतात. ही शिडी नाशिकच्या विदित गुजराथी यांनी चढून दाखविली. २००८ साली व्हिएतनाममधील वुंग ताऊ येथे त्यांनी १४ वर्षांखालील जागतिक विजेतेपद मिळविले, २०१३ मध्ये ते ग्रँडमास्टर झाले, २०२३ मध्ये आइल ऑफ मॅन येथील ग्रँड स्विस स्पर्धा त्यांनी जिंकली, आणि २०२४ मध्ये टोरांटो येथील आव्हानवीरांच्या स्पर्धेत हिकारू नाकामुरा यांचा दोन्ही डावांत पराभव केला. टोरांटोतील ते डाव नाशिकमधील कोणतेही मूल आज पटावर जसेच्या तसे मांडू शकते. त्यासाठी त्याला कोणत्याही भाषेतील एकही वाक्य वाचावे लागत नाही. नोंदपद्धतीचे सामर्थ्य ते हेच. मराठीचा दावा मांडताना या सामर्थ्याला बाधा येणार नाही, हे पाहणे अगत्याचे आहे.

आता नियमांकडे वळू. आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या नियमावलीप्रमाणे दीर्घ वेळेच्या डावात प्रत्येक खेळाडूने आपल्या व प्रतिस्पर्ध्याच्या सर्व खेळ्या एकामागून एक, स्पष्ट व वाचनीय अक्षरांत लिहिल्या पाहिजेत. खेळी आधी लिहून मग खेळणे सामान्यतः निषिद्ध आहे. याला एक अर्थपूर्ण अपवाद आहे. आपल्या पुढील खेळीने तीच स्थिती तिसऱ्यांदा उद्भवणार आहे, अथवा प्याद्याची हालचाल किंवा मारामारी न होता दोन्ही बाजूंच्या पन्नास पन्नास खेळ्या पूर्ण होणार आहेत, असा बरोबरीचा दावा करावयाचा असेल, तर खेळाडूने ती खेळी पटावर न करता प्रथम कागदावर लिहावयाची आणि पंचांना सांगावयाची असते. दावा चुकीचा ठरल्यास प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटे जादा मिळतात. म्हणजे येथे लिहिणे हे केवळ वर्णन नसून ती एक कृती ठरते. स्वतःचे लिखाण ज्याला वाचता येत नाही, त्या मुलाचा हातचा अर्धा गुण जाऊ शकतो.

या लिखाणाची जी पद्धत आज मान्य आहे, तिला बीजगणिती पद्धत म्हणतात. तिची कल्पना जुनी आहे. मूळच्या अलेप्पो येथील फिलिप स्टामा याने १७३७ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ती आढळते. तरीही इंग्रजी ग्रंथांत दीर्घकाळ दुसरी, वर्णनात्मक पद्धत रूढ होती. तीत प्रत्येक घराचे नाव त्या स्तंभाच्या मूळ मोहऱ्यावरून आणि खेळणाऱ्याच्या बाजूने मोजलेल्या अंतरावरून पडे. परिणामी पांढऱ्याला जे ‘राजाचे चौथे घर’, तेच काळ्याला ‘राजाचे पाचवे घर’ होई. एका घराला दोन नावे, आणि कोणते नाव खरे हे बोलणारा कोण यावर अवलंबून. ‘उजवीकडे’, ‘पुढे’, ‘इकडे’ या शब्दांचा अर्थ जसा वक्त्याच्या स्थानाने ठरतो, तसाच हा प्रकार होता. बीजगणिती पद्धतीत पांढऱ्याच्या डावीकडून उभ्या ओळींना ‘ए’ ते ‘एच’ ही लहान लिपीतील अक्षरे आणि आडव्या ओळींना १ ते ८ हे अंक दिले जातात. घर एक, नाव एक. पाहणारा कोणत्याही बाजूस बसलेला असो. १९८१ पासून महासंघाने केवळ याच पद्धतीस मान्यता दिली. वक्तृसापेक्ष निर्देशाकडून निरपेक्ष निर्देशाकडे झालेले हे स्थित्यंतर नियमाने घडविलेले आहे, आणि त्याची निश्चित तारीख देता येते, हे भाषाभ्यासकाला विशेष वाटावे.

या पद्धतीची आणखी दोन वैशिष्ट्ये नोंदण्याजोगी आहेत. प्याद्याला स्वतंत्र चिन्ह नाही. ‘ई ४’ एवढेच लिहिले असता, कोणत्याही मोहऱ्याचे अक्षर नाही म्हणून ते प्यादे, असे समजावयाचे. ३२ मोहऱ्यांपैकी १६ प्यादीच असल्याने ज्याचा निर्देश वारंवार करावा लागतो त्यालाच शून्य चिन्ह देणे काटकसरीचे आहे. पाणिनीय परंपरेतील लोपाच्या कल्पनेशी परिचित असलेल्या वाचकाला येथे अधिक स्पष्टीकरणाची गरज नाही. दुसरे असे की, ही नोंद केवळ मुक्कामाचे घर सांगते. वाट सांगत नाही. मराठीतील ‘घोडा अडीच घरे’ हा प्रयोग नेमका याच्या उलट आहे. तो वाट सांगतो, मुक्काम सांगत नाही. दोन्ही घोडे एकाच घरी जाऊ शकत असतील तेव्हाच कोणता घोडा हे सांगणारे जादा अक्षर नोंदीत येते. तात्पर्य, परंपरेचा शब्दप्रयोग शिकणाऱ्यासाठी आहे आणि नोंद ही शिकलेल्यासाठी. म्हणूनच एकाने दुसऱ्याची जागा घेणे योग्य नाही. दोहोंचे कार्य भिन्न आहे.

मोहऱ्यांच्या अक्षरांविषयी मात्र नियमावली उदार आहे. बीजगणिती नोंदीसंबंधीच्या परिशिष्टात असे स्पष्ट म्हटले आहे की, आपल्या देशात मोहऱ्याला जे नाव रूढ असेल त्याचे संक्षिप्त रूप वापरण्यास प्रत्येक खेळाडू मोकळा आहे. छापील नियतकालिकांत अक्षरांऐवजी मोहऱ्यांची चित्रे वापरावीत, अशी शिफारसही तेथे आहे. यानुसार जर्मन खेळाडू उंटासाठी ‘एल’ लिहितो, कारण त्याच्या भाषेत तो ‘धावणारा’ आहे. फ्रेंच खेळाडू ‘एफ’ लिहितो, कारण तेथे तो ‘वेडा’ किंवा विदूषक आहे. रशियन खेळाडू तर मोहऱ्यांसाठी आपली सिरिलिक आणि घरांसाठी रोमन, अशा दोन लिप्या एकाच नोंदीत सुखाने वापरतो. तेव्हा देवनागरी अक्षर आणि रोमन घर यांचा संकर नियमबाह्य नाही, आणि अननुभूतही नाही.

मराठी नावे या कामास कितपत सोयीची आहेत? इंग्रजीत राजा आणि घोडा या दोहोंच्या नावांचे लेखनातील आद्याक्षर ‘के’ हेच आहे. म्हणून घोड्याला उच्चारानुसारी ‘एन’ देऊन मार्ग काढावा लागला. रशियनमध्येही हाच पेच आहे; तेथे घोड्याने आद्याक्षर राखले आणि राजाला दोन अक्षरे मिळाली. मराठीत राजा, वजीर, हत्ती, उंट, घोडा या पाचांची आद्याक्षरे मुळातच भिन्न आहेत: रा, व, ह, उं, घो. कोणतीही तडजोड करावी लागत नाही. येथे एक सावधगिरी हवी. इंग्रजीच्या प्रभावाने अलीकडे वजिराला ‘राणी’ म्हणण्याची प्रवृत्ती दिसते. ते नाव स्वीकारले तर ‘राजा’ आणि ‘राणी’ दोघेही ‘रा’ होतील आणि सारी व्यवस्था कोसळेल. ‘वजीर’ राखण्याचे कारण केवळ परंपरेचा अभिमान हे नसून भेद टिकविणे हेही आहे.

लिपीच्या दृष्टीने तर देवनागरीचा एक अनपेक्षित लाभ होतो. इंग्रजी नोंदीत उंटाचे ‘बी’ मोठ्या लिपीत आणि घराच्या स्तंभाचे ‘बी’ लहान लिपीत असते. स्पॅनिश प्रारंभातील पांढऱ्याची तिसरी खेळी ‘उंट बी ५’ ही आहे. रोमन नोंदीत तेथे दोन ‘बी’ शेजारी येतात. समजा, पांढऱ्याचे प्यादे ‘बी ५’ वर आहे, उंट ‘जी २’ वर आहे, मधला कर्ण मोकळा आहे आणि ‘सी ६’ वर काळ्याचा मोहरा आहे. तो मोहरा प्याद्याने मारला की उंटाने, हे रोमन नोंदीत केवळ ‘बी’च्या आकारावरून ठरते. बालकाच्या घाईच्या अक्षरात हा भेद सहज पुसला जातो, आणि पुढील दहा खेळ्या दुर्बोध होतात. रशियन नोंदही यातून सुटलेली नाही; त्यांच्या उंटाचे अक्षर रोमन ‘सी’सारखेच दिसते. देवनागरीत मोठी व लहान अशी दुहेरी लिपी नसली तरी ‘उं’ आणि रोमन ‘बी’ यांचा घोटाळा होणे अशक्य आहे. पण ही सोय स्तंभांची अक्षरे रोमन राहिली तरच टिकते. स्तंभांना क, ख, ग, घ अशी नावे देण्याचा मोह झाला, तर चौथा स्तंभ आणि घोडा यांची लगेच टक्कर होईल. शिवाय घरांच्या अक्षरांत बदल करण्याची मुभा नियमावलीने दिलेलीच नाही.

या विचारावर आक्षेप येतील, आणि ते उपेक्षणीय नाहीत. संगणकावर डाव साठविण्याच्या प्रचलित ‘पीजीएन’ पद्धतीत इंग्रजी आद्याक्षरेच वापरली जातात. प्रशिक्षणाचे बहुतेक साहित्य इंग्रजीत आहे. अन्य राज्यांतील स्पर्धांत पंचांना मराठी अक्षरांचा परिचय नसेल. या गोष्टींचा अर्थ एवढाच की, पुढे जाणाऱ्या मुलाला इंग्रजी अक्षरे वाचता आलीच पाहिजेत. आणि पाच अक्षरे शिकणे हे मोठे ओझे नव्हे. परंतु ज्याला अजून इंग्रजी वर्णमाला पुरती वळणी पडलेली नाही अशा गावाकडच्या मुलाला पहिल्याच दिवशी ‘एन’ म्हणजे घोडा असे पाठ करावयास लावणे, ही त्याच्या वाटेतील निष्कारण अडचण आहे. मालेगाव, निफाड, सिन्नर येथील मराठी शाळेतून येणाऱ्या मुलाला नोंद हा खेळाचा भाग वाटावा, इंग्रजीची परीक्षा वाटू नये. पहिली एक-दोन वर्षे मराठी अक्षरे व नंतर दोन्ही, असा क्रम मंडळांतून व शाळांतून सहज ठेवता येईल.

याहून खोल प्रश्न डाव संपल्यानंतरचा आहे. तेव्हा दोन्ही मुले आपली नोंद पाहत डाव पुन्हा मांडतात आणि ‘येथे असे खेळलास तर?’ याची चर्चा करतात. बुद्धिबळातील खरे शिक्षण या चर्चेत होते. मराठीने या खेळातून ‘शह-काटशह’, ‘मात करणे’ यांसारखे प्रयोग व्यवहाराला उसने दिले आहेत; राजकारणाच्या वार्ता त्यांच्याशिवाय लिहिल्या जात नाहीत. पण खुद्द पटावर मुलांच्या तोंडी ‘पिन’, ‘फोर्क’, ‘टेम्पो’ हे शब्द येतात, तेव्हा त्यांचे आकलन शब्दापुरते आहे की कल्पनेपर्यंत पोचले आहे, हे कसे कळावे? ‘हा घोडा हलला तर राजाला शह बसतो, म्हणून तो जखडला आहे’ असे जे मूल आपल्या भाषेत सांगू शकते, त्याला ‘पिन’ समजली आहे, यात शंका उरत नाही. नुसता ‘पिन’ हा शब्द उच्चारणाऱ्याविषयी तशी खात्री देता येत नाही.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी येथे संशोधनाचे एक मर्यादित पण सुस्पष्ट क्षेत्र उपलब्ध आहे. संमतीने मिळविलेल्या नोंदपत्रिका आणि डावानंतरच्या संभाषणांचे ध्वनिमुद्रण ही त्याची सामग्री होय. मूल घराचा निर्देश ‘एफ ७’ असा निरपेक्षपणे करते की ‘राजाशेजारच्या उंटासमोरचे प्यादे’ असा सापेक्षपणे, आणि हे वळण कोणत्या वयात, किती स्पर्धांनंतर बदलते; मोहऱ्याचे नाव मराठी व घराचे नाव इंग्रजी अशा मिश्र वाक्यांत विभक्तिप्रत्यय कोठे लागतात; नोंदीतील चुका कोणत्या अक्षरांभोवती एकवटतात, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली तरी लेखन आणि विचार यांच्या संबंधावर काही प्रकाश पडेल. नाशिकच्या स्पर्धांतून दर वर्षी असे शेकडो कागद लिहिले जातात आणि बहुतेक रद्दीत जातात. त्यांतील प्रत्येक कागद हा एका मुलाने तीन-चार तास केलेल्या विचाराचा एकमेव लेखी पुरावा असतो. तो कोणत्या अक्षरांत लिहावा याचे स्वातंत्र्य नियमांनी दिले आहे. ते वापरावयाचे की नाही, एवढाच निर्णय शिक्षकांनी व मंडळांनी करावयाचा आहे.