मांसल कोंबड्यांच्या स्वास्थ्याची पाहणी

मांसासाठी वाढविल्या जाणाऱ्या कोंबडीचे आयुष्य जेमतेम सहा आठवड्यांचे असते. उबवणी केंद्रातून शेडमध्ये येते त्या दिवशी पिलाचे वजन ४० ते ४५ ग्रॅम भरते. ३५ ते ४२ दिवसांत तेच पिलू दोन किलोंच्या पुढे जाते. महाराष्ट्रात हा व्यवसाय आज मोठ्या प्रमाणावर कराराने चालतो. पिले, खाद्य आणि औषधे कंपनीची. शेड, पाणी, वीज, तूस आणि श्रम शेतकऱ्याचे. लॉट उचलला गेला की शेतकऱ्याला किलोमागे मोबदला मिळतो, आणि तो मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो : किती खाद्यात किती वजन भरले आणि मरतूक किती झाली. साहजिकच शेडच्या दाराशी टांगलेल्या नोंदपत्रकात हेच दोन आकडे काळजीने भरलेले आढळतात.

परंतु जिवंत राहिलेला पक्षी कसा राहिला, हे या आकड्यांवरून कळत नाही. ब्रिटनमधील संशोधकांनी १७६ कळपांतील सुमारे ५१ हजार पक्ष्यांची चाल तपासली. त्या पाहणीचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. सरासरी ४० दिवसांच्या वयाला २७.६ टक्के पक्ष्यांची चाल सदोष होती, तर ३.३ टक्के पक्ष्यांना जवळजवळ चालताच येत नव्हते. असे पक्षी मरतुकीच्या रकान्यात येत नाहीत. ते खाद्याच्या भांड्यापर्यंत कसेबसे पोचतात, उरलेला वेळ बसून काढतात आणि वजनाच्या काट्यावर इतरांबरोबर जातात. छातीचा मांसल भाग झपाट्याने भरतो; हाडे आणि सांधे त्या वेगाने बळकट होत नाहीत. हा दोष निवडपैदाशीतून आलेला आहे व शेतकऱ्याच्या हातचा नाही. मात्र तो कमीअधिक करणे पुष्कळसे त्याच्या हातात असते.

पाहणीची सुरुवात पहिल्याच दिवशी होते, आणि तिला कोणत्याही उपकरणाची गरज लागत नाही. ब्रूडरखाली सोडलेली पिले जर दिव्याखाली एकमेकांवर चढून गोळा झाली असतील तर ऊब अपुरी आहे. दिव्यापासून दूर जाऊन कडेला पंख पसरून बसली असतील तर उष्णता जास्त आहे. सगळी एकाच बाजूला दाटली असतील तर दुसऱ्या बाजूने वाऱ्याचा झोत येत आहे. पिले सारखी विखुरलेली आणि मंद किलबिल करीत असली म्हणजे सर्व ठीक. पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान ठेवावे असे सांगितले जाते, परंतु तापमापकाच्या आधी पिलेच ते सांगतात. रात्री काही पिलांच्या गळ्याखालची अन्नाची पिशवी बोटांनी चाचपून पाहावी. ती भरलेली व मऊ लागली तर पिलाला खाद्य व पाणी दोन्ही सापडले आहेत; कडक लागली तर पाणी कमी पडले आहे.

तिसऱ्या आठवड्यापासून खरी कसोटी लागते ती जमिनीवरच्या तुसाची. पक्षी त्याचा बहुतेक काळ याच गादीवर बसतो, त्यामुळे गादीची स्थिती हीच त्याच्या त्वचेची स्थिती होते. मूठभर तूस दाबून पाहावे. गोळा होऊन तसाच राहिला तर ओल जास्त; हलकेच चिकटून सुटला तर योग्य; मुळीच न चिकटता धूळ उडाली तर अतिकोरडे. ओल येण्याची कारणे साधी असतात : गळणारे निपल, पक्ष्याच्या पाठीपेक्षा खाली टांगलेले पाण्याचे भांडे, पावसाळ्यात रात्रभर पूर्ण सोडून ठेवलेले पडदे, किंवा रक्ती हगवणीसारखा आजार. ओल्या विष्ठेतून अमोनिया वायू निघतो आणि त्याने डोळे व श्वासनलिका दुखावतात. येथे एक व्यावहारिक अडचण आहे. शेडमध्ये रोज वावरणाऱ्याच्या नाकाला हा वास हळूहळू जाणवेनासा होतो. म्हणून बाहेरून आलेल्या माणसाचे मत येथे अधिक उपयोगी पडते. पशुधन पर्यवेक्षकाने आत शिरताच, आणि पक्ष्याच्या उंचीपर्यंत खाली वाकून, श्वास घ्यावा. डोळे चुरचुरले तर पडदे वर घेऊन हवा खेळती करण्यास आणि गादी हलवून चुना मिसळण्यास उशीर करू नये.

ओल्या गादीचा परिणाम प्रथम तळपायावर दिसतो. तळव्याच्या मध्यभागी तपकिरी डाग पडतो, पुढे त्याची काळी खपली होऊन खाली जखम होते. पाठोपाठ गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या मागच्या सांध्यावर भाजल्यासारखे व्रण उठतात. स्वीडनमध्ये १९९० च्या दशकात याच खुणेला निरीक्षणाचा आधार करण्यात आले. कत्तलखान्यात प्रत्येक कळपाचे तळपाय तपासून गुण देण्याची, आणि गुण वाईट असल्यास त्या शेडमध्ये पुढे कमी पक्षी ठेवण्याची पद्धत तेथे सुरू झाली. गंभीर जखमांचे प्रमाण त्यानंतर घटले. युरोपीय संघाने २००७ मध्ये काढलेल्या निर्देशात पक्ष्यांची दाटी चौरस मीटरला ३३ किलोंपर्यंत मर्यादित केली. अमोनिया २० पीपीएमच्या आत राखणे यासारख्या अटी पाळणाऱ्यांना ३९, आणि मरतूक सतत कमी राखणाऱ्यांना ४२ किलोंपर्यंत सवलत दिली. तेथेही निम्मी तपासणी कत्तलखान्यात होते.

आपल्याकडे उघड्या शेडमध्ये पक्ष्यामागे साधारण एक चौरस फूट जागा देतात. म्हणजे विक्रीच्या वेळी चौरस मीटरला २३-२४ किलो. कागदावर ही जागा युरोपपेक्षा ऐसपैस आहे. परंतु विदर्भ-मराठवाड्यातील मे महिन्याच्या दुपारी या हिशेबाला फारसा अर्थ उरत नाही. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. ती चोच उघडून धापा टाकते आणि त्यातूनच उष्णता बाहेर टाकते. विक्रीला आलेले, वजनदार पक्षी प्रथम दगावतात. छपराला चुन्याचा पांढरा रंग, वर गवताचा थर, बाजूला ओले गोणपाट, दुपारचे खाद्य काढून घेऊन थंड वेळी देणे, हे उपाय बहुतेकांना माहीत असतात. धापा टाकणारे पक्षी दुपारी किती वाजल्यापासून दिसू लागले, याची नोंद मात्र क्वचितच होते. ती झाली तर फॉगर कधी सुरू करावा हे अंदाजाने ठरवावे लागणार नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ३ नुसार प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावर त्या प्राण्याच्या स्वास्थ्यासाठी वाजवी उपाय योजण्याचे कर्तव्य आहे. ताबा शेतकऱ्याचा आणि मालकी कंपनीची, अशा करारपद्धतीत हे कर्तव्य प्रथम शेतकऱ्याच्या अंगावर येते, ही गोष्ट करार वाचताना सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. भारतीय विधी आयोगाने जुलै २०१७ मध्ये सादर केलेल्या आपल्या २६९ व्या अहवालात अंड्यांच्या व मांसल कोंबड्यांच्या निवाऱ्याचा आणि वाहतुकीचा विचार करून नियमांचे मसुदे सुचविले.

युरोपात जी तपासणी कत्तलखाना करतो, ती करण्याची सोय आपल्या बहुतेक गावांत नाही. पक्षी जिवंतच क्रेटमध्ये भरून रात्री दुकानाकडे रवाना होतो आणि दुसऱ्या दिवशी ग्राहकासमोर कापला जातो. पायांची नोंद ठेवणारा तेथे कोणी नसतो. त्यामुळे ही पाहणी शेडमध्येच व्हावयास हवी. त्यासाठी दोन वेळा सोयीच्या आहेत. पहिली, चौथ्या आठवड्याच्या अखेरीस, जेव्हा नमुन्याचे पक्षी तोलले जातातच. त्या वेळी शेडच्या चारही कोपऱ्यांतून व मधून मिळून शंभर पक्षी चालवून पाहावेत आणि किती लंगडतात, किती दोन पावलांत बसतात हे लिहावे. अजून दहा-बारा दिवस हातात असल्याने गादी सुधारता येते. दुसरी वेळ लॉट उचलण्याच्या रात्रीची. मजूर पक्ष्यांना पायांनी धरून उलटे नेतात. ही रीत चांगली नव्हे, आणि एका हातात जितके अधिक पक्षी तितके सांधे निखळण्याचे भय अधिक. तरी ती चालू आहे तोवर तळपाय काट्यापाशी उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोरून जातातच. त्यांतील शंभर पक्ष्यांचे तळपाय मोजून स्वच्छ, डाग पडलेले व जखमी असे तीन आकडे त्याच नोंदपत्रकात मरतुकीच्या खाली लिहिता येतात. पुढच्या लॉटची पिले येण्यापूर्वी निपलची दुरुस्ती कोठे करावयाची, याचा निर्णय त्या आकड्यांवरून करता येईल.