रस्ता मोकळा करणारा परमवीर

परमवीर चक्र म्हटलं की आपल्या पिढीला आधी कारगिल आठवतं. उभा कडा, वर शत्रूचा बंकर आणि चढत जाणारा जवान. पण १९४७-४८ च्या काश्मीर युद्धातल्या पाच परमवीरांपैकी एकाला हा सन्मान मिळाला तो रस्ता साफ करण्यासाठी. ते होते रामा राघोबा राणे.

राणे यांचा जन्म २६ जून १९१८ चा. मूळ गाव कारवारजवळचं चेंडिया. वडील पोलीस शिपाई, त्यामुळे सतत बदल्या आणि मुलाच्या शाळाही बदलत्या. १९४० मध्ये ते बॉम्बे इंजिनिअर्समध्ये भरती झाले, म्हणजे खडकीचे बॉम्बे सॅपर्स. ब्रह्मदेशात जपान्यांशी लढले आणि डिसेंबर १९४७ मध्ये सेकंड लेफ्टनंट झाले.

सॅपर म्हणजे लष्करातला इंजिनिअर. पूल बांधणं, रस्ता करणं, सुरुंग काढणं ही त्याची कामं. मीही बीई, पण माझं काम संगणकावरचं. कोड चुकला तर दुरुस्त करून पुन्हा चालवायचा. सुरुंग काढणाऱ्याला ती सोय नसते.

एप्रिल १९४८ मध्ये राजौरी हल्लेखोरांच्या ताब्यात होती. नौशेऱ्याहून तिकडे जाणारा डोंगरी रस्ता त्यांनी सुरुंग पेरून आणि झाडं आडवी टाकून बंद केला होता. रस्ता उघडल्याशिवाय रणगाडे पुढे जाणार नव्हते.

राणे यांच्या मानपत्रात पुढच्या चार दिवसांची हकिगत तासातासाने दिली आहे. मला ती आमच्या कामातल्या लॉगसारखी वाटते. ८ एप्रिल, सकाळी ११. काम सुरू होण्याआधीच उखळी तोफांचा मारा झाला. तुकडीतले दोघे ठार, पाच जखमी, आणि त्या पाचांत राणे स्वतः. त्यांनी उरलेल्यांना गोळा केलं आणि काम सुरू केलं. दुपारी साडेचारच्या सुमाराला बारवाली टेकडी आपल्या सैन्याने घेतली, तरी शत्रू अजून आसपास होताच. त्याच्या नजरेसमोर, मशीनगनच्या माऱ्यात, राणे रात्री १० पर्यंत रणगाड्यांसाठी वळणरस्ता खोदत राहिले.

९ तारखेला सकाळी ६ ला परत सुरुवात. दुपारी ३ ला वळणरस्ता तयार. राणे सर्वांत पुढच्या चिलखती गाडीत बसले. अर्धा मैल जातात तो पाइनची झाडं आडवी. उतरून ती सुरुंगाने उडवली. तीनशे यार्डांवर पुन्हा तेच. मग उडवलेली मोरी. सव्वासहाला, उजेड जाता जाता, पाच मोठी झाडं आणि भोवती सुरुंग. त्या अंधारात ताफ्याच्या प्रमुखाने थांबायचं ठरवलं, नाहीतर राणे थांबणार नव्हते. दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेपाचला ते परत त्याच झाडांपाशी. साडेसहाला तो अडथळा गेला, साडेदहाला पुढचे हजार यार्ड.

राणे रणगाड्याखाली सरपटत सुरुंग काढत गेले आणि चालकाला दोरीने इशारे देत राहिले, ही गोष्ट त्यांच्याबद्दल नेहमी सांगितली जाते. सिनेमात शोभेल अशीच आहे. मला मात्र १० एप्रिलची दुपार जास्त मोठी वाटते. रणगाडे तवी नदीच्या पात्रात उतरले आणि दुपारी २ ला चिंगसला पोचलेसुद्धा. राणे यांचं काम झालं, असं कोणीही म्हटलं असतं. पण मागून रसदीच्या गाड्या यायच्या होत्या, आणि त्यांना रस्ताच लागणार होता. जखमी अवस्थेत, न जेवता, न थांबता, ते रात्री ९ पर्यंत मागे राहून तो साफ करत होते. ११ तारखेला सकाळी ११ वाजता चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला. ते पुढचा साफ करायला लागले, रात्री १० पर्यंत. १२ एप्रिलला आपलं सैन्य राजौरीत शिरलं.

त्या पाच परमवीरांपैकी पदक छातीवर मिरवायला दोघेच जिवंत राहिले, राणे आणि करम सिंग. जाता जाता, या पदकाची रचना सावित्रीबाई खानोलकरांची. जन्म स्वित्झर्लंडमधला, पण लष्करी अधिकारी विक्रम खानोलकरांशी लग्न करून त्या मराठी घरात आल्या.

कारवार तेव्हा मुंबई प्रांतात होतं, आज कर्नाटकात आहे. आपल्यासारख्या सीमेवरच्या घरांना हे काही नवीन नाही. कारवारच्या समुद्रकिनाऱ्यावर राणे यांचा पुतळा आहे. गोव्याहून दक्षिणेला जाताना तो वाटेतच लागतो, मुलांना घेऊन जरूर थांबा. जानेवारी २०२३ मध्ये अंदमानातल्या एका बेटालाही त्यांचं नाव दिलं गेलं.

राणे १९६८ मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले आणि ११ जुलै १९९४ ला पुण्यात वारले. मी तेव्हा पहिलीत होतो. आपल्यापैकी कितीतरी जणांचे काका-मामा त्या काळात पुण्यातच नोकरीला होते. एखाद्याने त्यांना रस्त्यात पाहिलंही असेल. घरी विचारून बघा.