गाडी किती खाली बसवावी?

स्पोर्ट्‌स कारला लोअरिंग स्प्रिंगा घालायचे ठरले की गॅरेजमध्ये पहिला प्रश्न निघतो तो किती मिलिमीटरचा. तो खरे तर शेवटी विचारायचा आहे. आधी पाहावे ते हे, की गाडी खाली आल्यावर चाकाला वर सरकायला किती जागा उरते आणि तेवढ्यात धक्का जिरवण्याइतकी स्प्रिंग कडक आहे का. दबणाऱ्या स्प्रिंगने पचवलेली ऊर्जा अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा, बम्प स्टॉपच्या रबरापर्यंत 75 मिलिमीटर जागा होती आणि गाडी 25 ने खाली बसवली. आता तोच खड्डा 50 मिलिमीटरमध्ये पचवायला सव्वादोन पट कडक स्प्रिंग लागेल. एवढी कडक स्प्रिंग रोजच्या गाडीत सहसा कोणी घालत नाही. मग उरलेला मार बम्प स्टॉपवर बसतो आणि खडबडीत वळणावर टायरची पकड ऐन वेळी सुटते.

गुरुत्वमध्य खाली आल्याने गाडी वळणावर स्थिर राहते, हे खरेच आहे, पण कितपत? गुरुत्वमध्याची उंची 500 मिलिमीटर धरली, तर 25 ने खाली आल्यावर बाहेरच्या चाकांकडे सरकणारे वजन पाच टक्क्यांनीच घटते. शिवाय पुढे मॅकफर्सन स्ट्रट असेल तर रोल सेंटर, म्हणजे गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो, गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली घसरतो आणि गाडीला झुकवणारा जोर उलट वाढू शकतो. लोअर केलेली गाडी कमी झुकते ती मुख्यतः स्प्रिंगेच्या कडकपणामुळे.

नवी मुंबईचे रस्ते चांगले, तेव्हा गाडी खाली बसवायला हरकत नाही, असेही म्हटले जाते. पाम बीच रोडबद्दल किंवा जानेवारी 2024 मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूबद्दल ते मान्य. पण तिथवर जायला सेक्टरमधले गतिरोधक ओलांडावेच लागतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गोलाकार गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असतो, त्याच्या माथ्याची त्रिज्या 17 मीटर. अडीच मीटर व्हीलबेसची गाडी त्यावर चढली की चारही चाके उंचवट्यावरच असतात, त्यामुळे पोटाखालची जागा जेमतेम 46 मिलिमीटरने घटते. तेवढ्याच उंचीचा, पण डांबर ओतून केलेला हातभर रुंदीचा उंचवटा मात्र पूर्ण 100 मिलिमीटर खातो. 120 मिलिमीटर क्लिअरन्सची गाडी 25 ने उतरवली तर ती पहिल्यावर सुखरूप जाते, दुसऱ्यावर अडकते. पोर्श 911 साठी गाडीचे नाक उचलणारी यंत्रणा पर्याय म्हणून देते, ती अशाच अडचणींसाठी.

मग लोअर करूच नये का? चाक आणि मडगार्डमधली पोकळी डोळ्यांना खुपते आणि आवडती गाडी देखणी दिसावी ही इच्छा रास्तच आहे. त्यासाठी 15 ते 20 मिलिमीटर पुष्कळ झाले. मात्र त्या स्प्रिंगांना पेलणारे शॉक ॲब्सॉर्बर सोबत हवेत, कारण कडक स्प्रिंगेची उसळी थोपवणे जुन्यांना जमत नाही. कॅम्बर आणि टो बदलतात म्हणून व्हील अलाइनमेंटही लगेच करावी. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कडकपणे उचलून धरले आहे, तेव्हा आरटीओत विचारूनच हात घालावा. स्वस्तात होते म्हणून मूळ स्प्रिंगेची कॉइल कापणे मात्र साफ नाकारावे: चाक लटकले की तोकडी स्प्रिंग बैठकीतून सुटू शकते.